माहिती कुठून आली, हे विचारणारी मुलं

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजक मंडळींनी मला फोनवर सांगितलं होतं, "तू कॉम्प्युटरवाली आहेस, ए.आय.वर बोल. पोरांना उपयोग होईल." मी विषय थोडा बदलून घेतला आहे. मी आज ग्रंथालयावर बोलणार आहे. ए.आय. त्यात ओघाने येईलच. विषय ऐकून कोणी चहाकडे वळू नये, एवढी विनंती. कारण हा प्रश्न आपल्या घरातल्या पोरांचा आहे. इथे बसलेल्या कितीतरी जणांचा मुलगा, मुलगी, भाचा, पुतणी आज इंजिनिअरिंगला आहे. कोणी सेवाग्रामला, कोणी नागपूरला, कोणी बडनेऱ्याला, कोणी पुण्याला.

मी वीस वर्षांहून अधिक काळ पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करते. वर्षातून दोनदा गावी येते, तेव्हा विदर्भातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात जाते. तिथले ग्रंथपाल, एक प्राध्यापक आणि मी, असे तिघं मिळून शेवटच्या वर्षाच्या मुलांसोबत दोन दिवस त्यांच्या प्रोजेक्टवर बसतो. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण जे सांगणार आहे ते थोड्याफार फरकाने सगळीकडे तसंच आहे.

तिथली एक गोष्ट सांगते. चार मुलांचा एक गट होता, चौघंही कास्तकारांच्या घरचे. त्यांनी मोबाईलचं अॅप बनवलं होतं. कपाशीच्या बोंडाचा फोटो काढायचा, अॅप सांगणार की ही गुलाबी बोंडअळी आहे की नाही, आणि त्यावर काय करायचं. फोटो ओळखण्याचं काम त्यांनी खरंच चांगलं केलं होतं. माझ्या कंपनीत दाखवलं असतं तरी लोकांनी मान डोलावली असती. मग मी अॅपमधला सल्ला वाचला. त्यात लिहिलं होतं की बीटी कपाशी बोंडअळीपासून सुरक्षित असते, त्यामुळे अळीसाठी वेगळ्या फवारणीची गरज नसते.

मी विचारलं, "हे कुठून घेतलं?"

"नेटवर लिहून होतं, मॅडम."

ज्यांच्या घरी वावर आहे त्यांना यातली गोम लगेच कळली असेल. बीटी कापसाला आपल्याकडे २००२ मध्ये परवानगी मिळाली. दोन जनुकांचं दुसऱ्या पिढीचं बियाणं २००६ मध्ये आलं. सुरुवातीची काही वर्षं हा सल्ला बऱ्याच अंशी बरोबर होता. पुढे गुलाबी बोंडअळी दोन्हींना सरावली, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भात काय झालं ते मी तुम्हाला सांगायला नको. म्हणजे त्या मुलांनी उचललेलं वाक्य कोणी खोटं लिहिलेलं नव्हतं, ते शिळं झालं होतं. ज्या पानावरून ते घेतलं त्याच्यावर ना लिहिणाऱ्याचं नाव होतं, ना तारीख. आणि हे अॅप पहिल्यांदा वापरणार होते त्या मुलांचे स्वतःचे वडील.

आता ग्रंथपाल सरांनी काय केलं ते पाहा. त्यांनी भाषण दिलं नाही. एकच प्रश्न विचारला, "या अळीचं शास्त्रीय नाव काय?" मुलांना माहीत नव्हतं. ते त्यांनी शोधून काढलं, पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. सर म्हणाले, "आता या नावाने शोधा. वर्ष २०१५ च्या पुढचं ठेवा. आणि लिहिणारा कोणत्या संस्थेत काम करतो ते पाहा." अर्ध्या तासात पडद्यावरचं चित्र बदललं. आधी बियाणं विकणाऱ्यांची आणि कोणीही लिहिलेली पानं येत होती. आता नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे लेख, अळीच्या प्रतिकारशक्तीवरचे अभ्यास आणि कृषी विद्यापीठांचे प्रबंध दिसू लागले. कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग सापडले तर उपाय करायची वेळ आली असं समजतात, हा नियम मुलांना तिथे सापडला. त्यांनी सल्ला बदलला. सल्ल्याखाली तो कोणत्या संस्थेचा आणि कोणत्या वर्षाचा आहे, हेही दिसेल अशी सोय केली. ते अॅप मला तेव्हा कुठे इंजिनिअरने बनवलेलं वाटलं.

ग्रंथपालांनी त्या अर्ध्या तासात जे शिकवलं, त्याला माहिती साक्षरता म्हणतात. हा शब्दप्रयोग अमेरिकेत पॉल झुर्कोव्स्की यांनी १९७४ मध्ये पहिल्यांदा वापरला. म्हणजे इंटरनेट घरोघरी येण्याच्या कितीतरी आधीचा तो आहे. आपली गरज नेमकी काय आहे हे ओळखणं, त्यासाठी योग्य शब्दांनी योग्य ठिकाणी शोधणं, सापडलेलं पारखणं, आणि वापरताना ते कोणाचं आहे हे सांगणं, एवढं त्यात येतं.

पुलगावच्या माणसाला हे समजावून सांगायला फार वेळ लागू नये. आपण जिनिंग-प्रेसिंगच्या आणि कॉटन मिलच्या मुलखात वाढलो. प्रेसमधून बाहेर पडणाऱ्या रुईच्या प्रत्येक गाठीवर त्या प्रेसची खूण आणि क्रमांक असतो. १९२५ च्या कायद्याने तो बंधनकारक केला होता. कारण साधं होतं. गाठीत पाणी मारलेलं निघालं, भेसळ निघाली, तर ती कोणत्या प्रेसमधून आली हे शोधता आलं पाहिजे. बिनखुणेची गाठ कोणी शहाणा व्यापारी घेत नसे. पण आपली शिकलेली मुलं बिनखुणेची माहिती दिवसभर घेत असतात आणि तिच्यावर यंत्रं, इमारती, प्रोग्राम उभे करतात.

मुलांना मी चार प्रश्न लिहून देते. हे कोणी म्हटलं? कधी म्हटलं? कशाच्या आधारावर म्हटलं? आणि आज, इथे, ते लागू आहे का? चौथा प्रश्न बहुतेक जण विसरतात. त्यासाठी सिव्हिलचं एक उदाहरण देते.

आपण आठवीत होतो तेव्हा ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसं गेली. त्या वेळच्या भारतीय मानकात, आय.एस. १८९३ मध्ये, देशाचे पाच भूकंप विभाग होते आणि किल्लारीचा भाग पहिल्या विभागात, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. २००२ मध्ये हे मानक सुधारलं. पहिला विभाग रद्दच झाला आणि किल्लारीचा भाग तिसऱ्या विभागात गेला. आता विचार करा, कॉलेजच्या कपाटात १९९० चं एक पुस्तक आहे. लेखक नामवंत, छपाई सुंदर, एकही गणित चुकलेलं नाही. त्यातला नकाशा पाहून आज कोणी लातूर भागातल्या इमारतीचं डिझाईन केलं तर काय होईल? पुस्तक चांगलं आहे, पण त्यातला नकाशा आता चालत नाही. हे ओळखणं परीक्षेत विचारत नाहीत. बरं, भारतीय मानक ब्युरोच्या संकेतस्थळावर नोंदणी करून बहुतेक भारतीय मानकं मोफत मिळतात. तरी मी भेटते त्यातल्या पुष्कळ मुलांनी एकही मूळ मानक उघडून पाहिलेलं नसतं. ती कुणाच्या तरी नोट्समधून आलेली असतात.

माझ्या स्वतःच्या क्षेत्रात याहून वेगळं नाही. प्रोग्रामर मंडळींची प्रश्नोत्तरांची एक मोठी जागा आहे, स्टॅक ओव्हरफ्लो. तिथे २०१० मध्ये एकाने जावा भाषेतला मोजक्या ओळींचा तुकडा लिहिला. फाईल किती मोठी आहे हे माणसाला वाचता येईल अशा रूपात दाखवण्याचा. २०१८ च्या एका अभ्यासात दिसलं की त्या जागेवरून सर्वांत जास्त उतरवून घेतला गेलेला जावाचा तुकडा हाच, सहा हजारांहून अधिक प्रकल्पांत तो होता. आणि त्यात चूक होती. ९,९९,९९९ बाइटची फाईल तो १ एमबी न म्हणता १००० केबी म्हणायचा. ही चूक जगाला कोणी सांगितली? खुद्द लिहिणाऱ्याने, २०१९ मध्ये. चूक लहान होती, कोणाचं नुकसान झालं नसेल. पण हजारो इंजिनिअरांनी ती मोजक्या ओळींची गोष्ट तपासली नाही, हे लहान नाही.

आता ए.आय. माझी मुलं, तुमची मुलं, सगळी ते वापरतात. मीही रोज वापरते. अमेरिकेतल्या संशोधकांनी अशी १६ मॉडेलं घेऊन पाच लाखांहून जास्त प्रोग्राम लिहून घेतले. प्रोग्राम लिहिताना आपण तयार पॅकेजं वापरतो, जसं स्वयंपाकात तयार मसाला वापरतो. संशोधकांनी तपासलं की सुचवलेली पॅकेजं खरोखर अस्तित्वात आहेत का. पैसे देऊन वापरायच्या मॉडेलांत किमान ५.२ टक्के नावं मुळात नसलेल्या पॅकेजांची निघाली. खुल्या मॉडेलांत २१.७ टक्के. म्हणजे मसाल्याचं नाव सांगितलं, पण तसा मसाला कोणत्याच दुकानात नाही. धोका पुढे आहे. कोणी लबाड माणूस नेमक्या त्याच नावाची पुडी भरून दुकानात ठेवतो, आणि आपलं पोरगं ती विश्वासाने घरी आणतं. ए.आय. वापरू नका, असं मी मुलांना कधीच सांगत नाही. त्याने सांगितलेल्या गाठीवरची खूण पाहा, एवढंच सांगते.

मग हे कॉलेजात शिकवत का नाहीत? थोडंसं शिकवतात. पहिल्या वर्षी मुलांना रांगेने ग्रंथालयात नेतात. कार्ड कसं मिळतं, दंड किती, मोबाईल बंद ठेवा, शांतता राखा. अर्ध्या तासात संपतं. त्या दिवशी मुलाजवळ प्रश्नच नसतो, त्यामुळे उत्तर शोधण्याची रीत त्याच्या डोक्यात बसत नाही. चौथ्या वर्षी खरा प्रश्न हातात येतो, तेव्हा ग्रंथपालांकडे जायचं त्याला सुचत नाही.

पुढे पीएच.डी.ला गेलं की मात्र हाच विषय सक्तीचा होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन आणि प्रकाशन नीतीचा दोन क्रेडिटचा, तीस तासांचा अभ्यासक्रम लावला. त्यामागे आपल्या महाराष्ट्रातलंच काम होतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोगाच्या मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी तपासली. विद्यापीठांनी सुचवलेल्या, पण कोणत्याही नामांकित सूचीत नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक कमी दर्जाची असू शकतात, असं त्यांनी २०१८ मध्ये दाखवलं. त्याच वर्षी २ मे रोजी आयोगाने ४,३०५ नियतकालिकं यादीतून काढली. मग पुण्याच्या विद्यापीठाच्या मदतीने 'केअर' नावाची नवी यादी आली. २०२५ मध्ये तीही बंद झाली आणि पारखायची जबाबदारी पुन्हा संस्थांवर आणि वाचणाऱ्यावर आली. याद्या येतात, जातात. पारखायची नजर ज्याच्याजवळ आहे त्याचं अडत नाही. पण ती नजर आपण देतो पीएच.डी.च्या मुलांना. शंभर इंजिनिअरांतले पीएच.डी.ला जातात किती? बाकीचे पूल बांधतात, औषधाच्या कारखान्यात यंत्रं चालवतात, बँकेचे प्रोग्राम लिहितात. त्यांना कोण शिकवणार?

सरकारने पैसा लावलेला नाही असंही नाही. 'एक देश, एक सदस्यता' ही योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ ला मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, ६,३०० हून अधिक सरकारी संस्था. ही फार मोठी गोष्ट आहे. आपल्या भागातली बरीच मुलं खासगी कॉलेजात शिकतात. ती कॉलेजं पहिल्या टप्प्यात नाहीत, हे खरं. पण शोधगंगेवर देशभरातल्या विद्यापीठांचे लाखो प्रबंध कोणालाही फुकट वाचता येतात. आय.आय.टी. खरगपूरने उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. वाचनालयाचं दार एवढं मोठं उघडल्यावर आत शिरून काय मागायचं, हे मुलांना शिकवायला कितीसा खर्च येईल? माणूस तर प्रत्येक कॉलेजात आधीच नेमलेला आहे. तो म्हणजे ग्रंथपाल.

आणि इथेच आपली मानसिकता आडवी येते. ग्रंथपाल म्हणजे पुस्तकं देणारे-घेणारे, असं आपण धरून चालतो. या शास्त्राचे आपल्या देशातले जनक डॉ. एस. आर. रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक होते. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. मी इंजिनिअर म्हणून तो वाचते तेव्हा मला वाटतं, हा तर आमच्याच धंद्याचा नियम आहे. नव्या वाचकाला ग्रंथालयाची दीक्षा देणं हे रंगनाथन ग्रंथपालाचं मुख्य काम मानत. आपण त्या माणसाला काउंटरच्या मागे बसवून ठेवलं.

हे शिकवायचं कसं, याचं उत्तरही आपल्या जिल्ह्यात आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमची योजना पुढे आली. हाताने काम करता करता त्या कामातून शिकायचं, हे तिचं सूत्र. माहिती साक्षरतेलाही तेच लागू पडतं. तिचा वेगळा पेपर काढला की मुलं त्याचीही गाईड आणून पाठ करतील. ती प्रोजेक्टच्या आत शिकवली पाहिजे. प्रोजेक्ट ठरला की पहिल्या पंधरा दिवसांत ग्रंथपालांसोबत दोन बैठका. अहवालात प्रत्येक दाव्याखाली तो कुठून आला ते लिहायचं. तोंडी परीक्षेला ग्रंथपाल हजर राहतील आणि शंभरातले दहा गुण त्यांच्या हाती असतील. आम्ही जिथे जातो त्या कॉलेजात एवढंच केलं. गुण त्यांच्या हाती आल्यावर ग्रंथालयातल्या खुर्च्या भरू लागल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मुलं हुशारच असतात, गुण कुठे आहेत हे त्यांना बरोबर कळतं.

कोणी म्हणेल, एवढं करून नोकरी लागते का? मी नोकरीच्या मुलाखती घेते म्हणून सांगते. आम्ही उमेदवाराला एक प्रश्न देतो आणि इंटरनेट, ए.आय., हवं ते वापरू देतो. पहिलं मिळालेलं उत्तर चिकटवणारे आणि "हे खरं आहे का, एक मिनिट पाहतो" म्हणणारे, हा फरक दहा मिनिटांत दिसतो. आपल्या भागातली मुलं बुद्धीने कुठेच कमी नसतात. पण छापलेलं आहे, त्यातून इंग्रजीत आहे, म्हणजे बरोबरच असेल, हा भिडस्तपणा त्यांच्यात जास्त असतो. मोठ्यांना उलटून विचारू नये, हे संस्कार पुस्तकालाही लावले जातात. सर, मॅडम, तुमच्यासमोर हे आदराने बोलते. "कशावरून?" हा प्रश्न उद्धटपणाचा नाही, हे मुलांना शाळेतच कळलं तर कॉलेजचं निम्मं काम होऊन जाईल.

म्हणून शेवटी आपल्या बॅचपुढे एक प्रस्ताव ठेवते. मेळाव्याच्या निधीतून शाळेला काय द्यायचं, यावर आपली चर्चा चालू आहे. कोणी वॉटर कूलर म्हणतं, कोणी प्रोजेक्टर. तेही देऊ या. त्यासोबत शाळेच्या ग्रंथालयाला एक कॉम्प्युटर, चांगले मराठी कोश आणि आठवी-नववीसाठी आठवड्याला एक तास देऊ या. त्या तासात मुलांनी एकच प्रश्न घ्यायचा. आपल्या गावाला पाणी कुठून येतं, कॉटन मिल केव्हा सुरू झाली, आर्वीची छोटी गाडी केव्हा बंद पडली. उत्तर वहीत लिहायचं आणि खाली लिहायचं, हे मला कुठून कळलं. आजीने सांगितलं असेल तर आजीचं नाव, पुस्तकात असेल तर पुस्तकाचं, वर्षासकट. दोन उत्तरं वेगळी निघाली तर दोन्ही लिहायची. तास घ्यायला शाळेच्या शिक्षकांना मदत लागेल. आपल्या बॅचमधले जे नागपूर-वर्ध्याला आहेत त्यांनी महिन्यातून एक शनिवार द्यावा. वर्षातले दोन शनिवार माझे, ते आजच लिहून घ्या.

संयोजकांकडे एक कोरी वही ठेवली आहे. जेवायला जाण्यापूर्वी ज्यांना जमेल त्यांनी आपलं नाव आणि महिना लिहून ठेवावा. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली तर जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिला तास घेऊ.